कोंडाईचं बोट

फार फार वर्षांमागची गोष्ट. इतकी मागची, की करंजसोंडे गावाला तेव्हा गाडीवाट नव्हती, पायवाट होती, आणि ती पायवाटही पावसाळ्यात ओढ्याच्या मर्जीवर चालायची. त्या गावात कोंडाई नावाची एक सुईण राहायची. गावात जे कोणी रांगत होतं, भांडत होतं, पोरंबाळं खेळवत होतं, ते सगळं जगात आलं ते आधी तिच्या हातात आलं. म्हणून तिच्यापुढं कुणाचा तोरा चालायचा नाही. पाटील मिशीला पीळ देत चावडीवर बसला, की कोंडाई जाता जाता म्हणायची, "आरं, तू पायाळू आलेला. पाय आधी भाईर काढलेस, डोस्कं मागनं आणलंस. आजून तसंच चाललंय तुजं." चावडी हसायची, पाटीलही हसायचा.

कोंडाईचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. म्हणजे पार गेला नव्हता. कडेकडेचं दिसायचं, पण जिकडे बघावं तिकडे मधोमध काळं. करपलेली भाकरी कुणी डोळ्यापुढं धरावी तसं. ते कसं झालं, तेही ऐकून ठेवा.

ती परकर नेसायच्या वयाची असताना एकदा ग्रहण लागलं होतं. अर्धंमुर्धं ग्रहण. सगळं गाव दारं लावून आत बसलं, आणि ही पोरगी गंजीवर चढून सूर्याकडं टक लावून बसली. सूर्याला चावा कोण घेतोय ते तिला बघायचं होतं. चावणारा काही दिसला नाही. संध्याकाळी मात्र डोळ्यात ती काळी भाकरी आली ती आलीच.

लोक म्हणाले, राहूनं डोळा नेला. तिची आज्जी मात्र तसं म्हणाली नाही. आज्जीही सुईणच होती. तिनं दुधात भिजवलेला कापूस पोरीच्या डोळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "राहूला काय तुजा डोळा घालून चटणी वाटायचीय? उन्हानं भाजला तो. तव्याला बोट लावलं की भाजतं, तसं."

"मग गिराण बघायचंच न्हाई का?" पोरीनं रडत विचारलं.

"बघायचं की. पर वर न्हाई, खाली बघायचं."

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर आज्जीनं तिला ओढ्याकाठच्या करंजाखाली नेलं. पानांतून उन्हाचे ठिपके जमिनीवर पडलेले. रोज ते गोल असतात, ग्रहणात त्यांच्या कोयत्या होतात, हे आज्जीनं तिला सांगितलं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आडवी धरून जाळी कशी करायची आणि त्या जाळीतून उन्हाचा ठिपका मातीवर कसा पाडायचा, तेही दाखवलं. बोटांमधली भोकं चौकोनी, पण ठिपका पडतो तो सूर्याच्या आकाराचा, हे बघून पोरगी रडायची थांबली.

"आनि समदाच झाकला तर?"

 आज्जीनं स्वतः ते कधी बघितलं नव्हतं, तिच्या आज्जीकडून ऐकलं होतं. ती म्हणाली, "समदा झाकला, की सूर्य केस मोकळं सोडतो. पांढरंशुभ्र केस, चहूकडं पसरल्यालं. तेवढा येळ वर बघावं, डोळ्याला काय होत न्हाई. मग त्याच्या कडंला नथीच्या मोत्यासारखा एक थेंब चमकतो. मोती दिसला, की मान खाली. ईसरायचं न्हाई."

कोंडाई विसरली नाही. जन्मभर ती त्या दिवसाची वाट बघत राहिली. अर्धीमुर्धी ग्रहणं आली आणि गेली. ती करंजाखाली बसून मातीवरच्या कोयत्या बघायची. लग्न झालं, नवरा गेला, आज्जीचा वसा हाती आला, केस पिकले. सूर्यानं काही केस सोडले नाहीत.

आणि मग एका वर्षी पौषात शेजारगावचे जोशीबुवा आले. पंचांग उघडून म्हणाले, येत्या अवसेला, उन्हं वर आली की ग्रहण लागेल. खग्रास.

"जोशीबुवा, परत म्हना," कोंडाई म्हणाली.

"खग्रास."

"आजून एकदा."

"अगं कोंडाबाई, मी तीनदा म्हणून ते काय तीनदा लागणार आहे?"

असं म्हणतात, की त्या दिवसापासून कोंडाईचं वयच उतरलं. तिनं देवीच्या माळावर जागा हेरली, तिथला दगड झाडून ठेवला. आणि गावात ज्याला त्याला सांगत सुटली, की असं होणार हाय, तसं होणार हाय. बाया हसायच्या. "कोंडाई, सूर्याला मागणी घालाय निघालीस व्हय?" ती म्हणायची, "त्येचं केस मोकळं सुटणार. कुणीतरी येणी घालाय नको?"

पण बघायला चला म्हटलं, की सगळे कानावर हात ठेवायचे. ग्रहणात बाहेर पडायचं नाही, हीच गावाची रीत होती. पाण्यावर दर्भ ठेवायचा, दुधादह्यावर तुळशीपत्र ठेवायचं, दारं लावायची, आणि म्हादू गुरवानं देवळात नगारा वाजवून 'सुटलं' म्हणून सांगितलं की मग बाहेर येऊन अंघोळ करायची. गरवार बाईनं तर हलायचंही नाही. तिच्यासमोर सुरी नाही, कोयता नाही, सुईत दोरासुद्धा नाही. ग्रहणात काही कापलं तर पोटातल्याला लागतं, असं सगळे धरून चालायचे.

अवस उजाडली. आभाळ धुतल्यासारखं. कोंडाई घोंगडी खांद्यावर टाकून, काठी घेऊन माळाची वाट चालू लागली. वाटेत तिनं बोटांची जाळी करून बघितलं, तर मातीवरच्या ठिपक्याला एका कडेनं चावा बसलेला. ती एकटीच हसली.

एवढ्यात ओढ्याकडून सुभाना कुंभार धापा टाकत आला. हातापायाला ओली माती, डोक्याला मुंडासं नाही.

"कोंडाई, सरूला कळा लागल्यात. दिस भराय आजून अवकाश हुता गं."

सरू म्हणजे सुभानाची बायको. तिची आधीची दोन्ही बाळं जगली नव्हती, गावाला ते ठाऊक होतं. कोंडाईनं एकदा माळाकडं बघितलं, झाडून ठेवलेला दगड तिथून दिसत होता. मग तिनं ओढ्यापलीकडच्या कुंभारवाडीकडं बघितलं. काही म्हणतात, ती पापणी लवेपर्यंत थांबली. काही म्हणतात, तेवढीही थांबली नाही.

"चल," ती म्हणाली.

कुंभारवाडीची वाट गावातून जायची. सगळी दारं बंद. कोंडाई चालता चालता एकेका दारावर काठी आपटू लागली.

"म्हादू! ए म्हादू गुरवा! देवळाच्या पायरीवर ये. अंधार पडला की वर बघ, सूर्याचं केस कसं दिसत्यात ते मला सांगायचं. मोती चमकला की मान खाली! लिंबा, तू गुराखी ना? मग गुरांकडं बघ, ती काय करत्यात ते बघ. गोदा, तुज्या दारात उंबर हाय, पाखरांवर ध्यान ठेव. पाटला, आरं पायाळ्या, भाईर ये नि चहूकडच्या डोंगरांची कड बघ! पर कुणीबी पार अंधार पडेस्तवर वर बघायचं न्हाई, माजा डोळा बघितलाय ना?"

आतून कुणी बाई म्हणाली, "आगं बाय, गिराणात भाईर?"

कोंडाई थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी तुम्हास्नी ह्या जगात आणलं, ते डोळं मिटून बसाय न्हाई. मला जायला पायजे. माज्या वाटचं तुम्ही बघा. मागनं मला सांगा." आणि ती गेली. मागं वळून दार उघडलं का, ते तिनं बघितलं नाही.

कुंभाराच्या घराशी आली, तर तिला दारच सापडेना. सुभानाच्या आईनं, बायजानं, सुनेवर ग्रहणाचा कवडसाही पडू नये म्हणून घर लिंपून टाकलं होतं. कुंभाराचं घर, मातीला काय तोटा! कौलांच्या फटी, भिंतीचे कोनाडे, धुराडं, दाराच्या फळ्यांमधली चीर, सगळीकडं ओली माती थापलेली. आधीची दोन गेली ती कुठल्या तरी फटीतूनच गेली, असं त्या म्हातारीच्या मनानं घेतलं होतं. सुभानानं दार चाचपून तिला आत सोडलं, बायजानं ते लगेच पुन्हा लावलं. आत कोंडाईला स्वतःचा हात दिसेना. चुलीचा धूर आतच कोंडलेला. सरू वाकळेवर पडून धापा टाकत होती.

"बायजे, ह्ये घर हाय का आवा?" कोंडाई खोकत म्हणाली. "सून हाय ती, मडकं न्हाई भाजायला. दार उघड."

बायजा दाराला पाठ लावून उभी राहिली. "मला मारून टाक, पर दार उघडणार न्हाई. दोन गेल्यात माजी." आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं भ्यालेपण होतं.

कोंडाईला ते कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे दार. मला एका बोटापुरती जागा दे."

आणि तिनं हात वर करून, कौलांच्या उतरत्या पाखीत जिथं हात पोचत होता तिथं, ओल्या मातीत करंगळी घातली. आरपार. करंगळी काढली, आणि त्या भोकातून उन्हाची एक काडी घरात आली. लांब, पलीकडच्या कोपऱ्यात, जमिनीवर जाऊन पडली. कोयतीच्या आकाराची.

बायजानं किंचाळून सुनेवर पदर पसरला.

"ती तिकडं कोपऱ्यात बसलीय, बसू दे," कोंडाई म्हणाली. "मला हाताखालचं दिसाय पायजे, एवढंच तिचं काम." धुरालाही ती वाट मिळाली. सरूनं पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

मग कोंडाई तिच्या कामाला लागली. कोपऱ्यातली कोयती बारीक होत गेली. कोयतीची नखाएवढी कोर झाली. बाहेर उजेड पिवळा राहिला नाही, कथलासारखा झाला. बोटाच्या भोकातून गार वारा आला. लांबून गुरांच्या गळ्यातल्या घाटा वाजल्या, जशा संध्याकाळी वाजतात. पाखरांचा एकच कलकलाट झाला आणि एकदम थांबला. कोर केसाएवढी झाली, आणि विझली.

सगळीकडं अंधार. गावात कुणीतरी मोठ्यानं "आई गंऽऽ" म्हणालं, ते ओढ्यापलीकडून ऐकू आलं.

आणि त्याच घटकेला सरूचं बाळ कोंडाईच्या हातात आलं.

आता बघा. दार तिच्या पाठीशी होतं. जन्मभर जे बघायचं होतं ते दाराबाहेर, एका पावलावर, आभाळात उभं होतं, आणि ते काही पुन्हा तिच्यासाठी येणार नव्हतं. पण हातातलं बाळ रडलं नाही. मुलगी होती. ओल्या फडक्यासारखी मऊ आणि गप्प. कोंडाईनं मान वळवली नाही.

असं म्हणतात, की त्या अंधारात बोटाच्या भोकातून एक उजेड आत आला. तो उन्हाचा नव्हता, चांदण्याचा नव्हता, दिव्याचा तर नव्हताच. दहिवराला रंग असता तर तसा असता. त्या उजेडात कोंडाईला एवढंच दिसलं, की नाळ अजून उडतेय. हलकी हलकी, झोपलेल्या माणसाच्या नाडीसारखी.

तेवढ्यात देवळातला नगारा धडाडला. "सुटलंऽ! सुटलंऽ!" म्हादूचा आवाज आला. कोंबडेही आरवले.

बायजा पुढं झाली. "सुटलं! काप नाळ आनि दे हिकडं. आधीच्या दोघांवाणीच हाय ते, हालत बी न्हाई. सरूला दाखवू नगंस."

वाकळेवरून सरूचा हुंदका ऐकू आला.

कोंडाईनं कोपऱ्याकडं बघितलं. तिथं पुन्हा एक बारीक कोर उमटली होती. आधीची डाव्या अंगाला वळलेली होती, ही उजव्या अंगाला.

"सुटलं न्हाई," ती म्हणाली. "सुटाय लागलंय. म्हादू पहिल्यापास्नं घाईचा, सातव्या म्हयन्यात आलाय त्यो. बायजे, गिराणात कापायचं न्हाई, हा नेम कुणाचा?"

"माजाच की. समद्यांचाच."

"मग ती कोर गोल होईस्तवर मी कापत न्हाई. तुजा नेम मी पाळते. तू बी पाळ."

 बायजाचाच नेम, तो तिनं कसा मोडावा? ती मटकन खाली बसली.

कोंडाई बाळाची पाठ चोळू लागली. तळवे चोळले, तोंडातलं पुसून काढलं, नाकात फुंकर घातली, पुन्हा पाठ चोळली. नाळ तशीच जोडलेली, तशीच उडणारी. बऱ्याच वेळानं पोरगी मांजराच्या पिलासारखी एकदा कण्हली आणि पुन्हा गप्प झाली. छाती मात्र आता हलत होती, अगदी बारीक.

कोपऱ्यातली कोर कोयती झाली. आणि जसजसा सूर्य वर सरकत होता, तसतशी ती कोयती कोपरा सोडून जमिनीवरून सरकायला लागली. वाकळेच्या दिशेनं. बायजानं ते बघितलं आणि तिच्या वाटेत सूप आडवं घातलं.

तेव्हा सरू बोलली. इतका वेळ ती बोललीच नव्हती. "आत्याबाई, येऊ द्या तिला. आधीच्या दोन्ही येळंला अंधारच हुता."

बायजानं सुनेकडं बघितलं. मग सूप बाजूला काढलं.

असं म्हणतात, की ठिपका जसा भरत गेला, तशी पोरगी लाल होत गेली. आधी ओठ, मग गाल, मग हाताची बोटं. ठिपका वाकळेवर चढला. बाळाच्या टाचेला लागला. ऊब लागल्याबरोबर पोरीनं पाय ओढून घेतला, तोंड उघडलं, आणि अशी रडली, की दारावरची वाळलेली माती झडून पडली. आता माती पडली ती रडण्यानं की सुभानानं बाहेरून दार ढकललं त्यानं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

ठिपका बाळाच्या छातीवर आला तेव्हा पुरा गोल झाला होता. नाळ उडायची थांबली होती. मग कोंडाईनं ती कापली.

ती बाहेर आली. हात धुऊन कुंभाराच्या चाकाशेजारी ओट्यावर बसली. ऊन स्वच्छ पडलेलं. झालं गेलं सगळं आभाळानं पुसून टाकलेलं. तिला वाटलं, झालं ते ठीक झालं. पण जरा कुठंतरी चुटपुट लागलीच, माणूसच होती ती.

तेवढ्यात ओढ्यातून माणसं येताना दिसली. एक नाही, दोन नाही, सगळा गाव. अंघोळही न करता. पुढं म्हादू गुरव, मान खाली घालून.

"कोंडाई, मी नगारा आधीच बडवला गं. मोती चमकला आणि हातच आवरंना."

"त्ये ऱ्हाऊ दे. काय दिसलं ते सांग."

आणि मग असा गलका झाला म्हणता! प्रत्येकाला आधी सांगायचं होतं. लिंबा म्हणाला, गुरं चरता चरता थांबली, रांग धरून आपापली गोठ्याकडं निघाली, आणि उजेड आल्यावर वाटेतच एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. "शरमल्यावाणी!" गोदा म्हणाली, पाखरं उंबरात शिरली, मधमाश्या पोळ्याकडं धावल्या, आणि तिच्या दारातला लाजाळू मिटला. "तुज्या दारात लाजाळू कुठला, तूच मिटली असशील," असं कुणीतरी मागून म्हणालं. पाटलानं सांगितलं, की डोंगरांच्या कडेनं चारही बाजूंना एकाच वेळी सांज झाली होती, तांबूस, जसा गावच कुणी सांजेच्या परातीत ठेवलाय. एक म्हातारा म्हणाला, अंधार पडायच्या जरा आधी त्याच्या पांढऱ्या भिंतीवरून सावल्यांच्या लाटा गेल्या, ओढ्याचं पाणी भिंतीवर चढल्यागत. कुणी भर दिवसा शुक्राची चांदणी बघितली होती. कुणाला नुसतीच थंडी वाजली होती, तेही तिनं ऐकून घेतलं.

म्हादूला शेवटी बोलायला मिळालं. तो हळू म्हणाला, "मधी काळं. काजळाच्या डबीवाणी गोल. आनि त्याच्या चहूकडनं केस. पांढरं, मोकळं सोडल्यालं. हालत न्हवतं, पर जितं वाटत हुतं. तुज्या आज्जीनं सांगितलं तसंच, कोंडाई. तसंच."

कोंडाई दोन्ही डोळे मिटून ऐकत होती.  तेव्हा दारातून बायजा बाहेर आली, नात पदरात घेऊन. "मी काय बघितलं ते इचारा की. पोरीचं नाक बघितलं. माज्यावाणीच हाय, फताडं." आणि सगळे हसले, आणि बायजा हसता हसता रडली.

कोंडाईनं डोळे उघडले. आणि असं म्हणतात, की उजव्या डोळ्यातली ती करपलेली भाकरी होती तिथंच होती. पण आता तिच्या चहूकडनं पांढरे केस सुटले होते. मोकळे, शुभ्र, जिवंत. लोकांनी जे आभाळात घटकाभर बघितलं, ते कोंडाईनं मरेपर्यंत रोज बघितलं. जिकडे बघेल तिकडे.

त्या पोरीचं नाव उजा ठेवलं. ती मोठी होऊन कोंडाईमागून गावाची सुईण झाली, आणि बायजाचं नाक घेऊन सुखानं म्हातारी झाली.

त्याला आता किती वर्षं झाली, कुणी मोजली नाहीत. करंजसोंड्यात आजही नवं घर बांधताना आतल्या खोलीच्या ओल्या भिंतीत घरातली सगळ्यांत म्हातारी बाई करंगळी घालून आरपार भोक पाडते. त्याला कोंडाईचं बोट म्हणतात. सिमेंटची घरं बांधणारा परगावचा गवंडीसुद्धा आता आधी विचारतो, "आजी, बोट कुठं ठेवायचं?" बाळंतिणीची खाट त्याच भिंतीशी लावतात.

आणि ग्रहण लागलं, अर्धंमुर्धं का असेना, की गावात दारं लावत नाहीत. माणसं करंजाखाली येतात, पाठ सूर्याकडं करतात, बोटांच्या जाळ्या करतात. गरवार बायांना मधे, सावलीत बसवतात, म्हणजे त्यांना मातीवरच्या कोयत्या नीट दिसतात. तिथंच मुळाशी कोंडाईच्या आठवणीचा दगड आहे. ग्रहण पुरतं सुटलं, की अंघोळीआधी एकेकानं दगडापाशी वाकायचं आणि आपण काय बघितलं ते तिला सांगायचं. सांगितल्याशिवाय चूल पेटत नाही. ज्या घरात तान्हं बाळ आहे, त्या घरानं आधी सांगायचं.

मागच्या खेपेला आभाळ गच्च भरून आलं होतं. कोयती नाही, कोर नाही, काही नाही. तरी सगळे गेले. रांगेनं वाकले, आणि एकेकानं सांगितलं, "कोंडाई, ढग हुतं गं." पाखरं मात्र गप्प झाली होती, तेवढं एका लहान मुलीनं ऐकलं होतं. तिनं तेच सांगितलं.